हाली आणि कलदार : सातास सहाचा हिशोब

आजी-आजोबांच्या तोंडून "हाली रुपया" हा शब्द ऐकलाय का? आपला लोहारा, उमरगा, तुळजापूर हा सगळा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आसफजाही घराणे मूळचे मध्य आशियातले, तुर्की वंशाचे. त्यांच्या राज्यात टांकसाळ स्वतःची होती. 'हाली' म्हणजे सध्या चालू असलेला. शेजारच्या सोलापुरात मात्र इंग्रजांचा रुपया चाले. तो यंत्रावर पाडलेला, म्हणून 'कलदार'.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हालीवर चारमिनारचे चित्र आले. मधल्या कमानीत एक अक्षर असे. महबूब अली खानांच्या नाण्यावर 'मीम', तर १९११ नंतर उस्मान अली खानांच्या नाण्यावर 'ऐन'. त्यामुळे नाणे कोणाच्या काळातले, हे उर्दू न येणाऱ्यालाही ओळखता येते. १९१८ पासून संस्थानाच्या नोटाही निघाल्या.

आता आपल्या कामाचा भाग. ७ हाली म्हणजे ६ कलदार, असा दर होता. हा दर आला कुठून? गणित करून बघू. हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम, त्यात चांदी ८१.८ टक्के. म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदारचे वजन ११.६६४ ग्रॅम, त्यात चांदी बारा भागांत अकरा, म्हणजे १०.६९ ग्रॅम. १०.६९ ला ९.१४ ने भागा. उत्तर १.१७. आणि ७ भागिले ६? तेही १.१७! म्हणजे दर हवेतून आलेला नव्हता. तो मिश्रधातूतच होता.

सामान्य माणसाला मात्र हा हिशोब रोजचा होता. गाठीला ७० हाली असले, तर सोलापूरच्या बाजारात ते ६० कलदारच. आणि अपूर्णांकात आणे-पै आले, की न शिकलेल्या माणसाची पंचाईत. १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली लागत. ज्याला हे तोंडी जमत नसे, त्याला समोरचा सांगेल ते खरे मानावे लागे.

१९४७ च्या अखेरीस 'जैसे थे' करार झाला आणि लगेच निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदा ठरवले. भारत सरकारने त्याला जोरदार हरकत घेतली. नाण्याचा प्रश्न आता सत्तेचा झाला होता. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आले. १९५० पासून भारतीय रुपया इथे चालू लागला. तेव्हाही दर तोच, सातास सहा!

तेव्हा सुट्टीत घरी गेलात की जुनी पेटी, देवघरातला डबा जरूर बघा. चारमिनारचे नाणे सापडले तर घासूनपुसून चकचकीत करू नका आणि सोनाराकडे वितळवायला तर मुळीच देऊ नका. लॅबच्या काट्यावर वजन करा आणि कमानीतले अक्षर शोधा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याची गोष्टही विचारा. नाणे पेटीत राहील, पण सांगणारी माणसे फार दिवस राहणार नाहीत.