विसरणारे मन, शिकणारे मन

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे तेथे येऊन वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. अशा नगरातील एका प्रौढ विद्यार्थ्याची कल्पना करा. पाळी संपवून तो रात्री पुस्तक उघडतो. आज पाठ केलेले उद्या आठवत नाही. ‘वय झाले, आता डोके चालत नाही,’ असे म्हणून तो पुस्तक मिटतो.

हा निवाडा न्याय्य आहे काय? मनाच्या व्यापारांवरील ग्रंथ वेगळे उत्तर देतात.

जर्मन अभ्यासक हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मृतीवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रयोगासाठी त्यांनी स्वतःलाच निवडले. अर्थहीन अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करीत, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करीत आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजीत. एका दिवसानंतर सुमारे एक-तृतीयांश श्रमच वाचत. परंतु ३१ दिवसांनंतरही सुमारे एक-पंचमांश वाचत. म्हणजे विस्मरण आरंभी वेगाने होते, पुढे मंदावते. आणि जे विसरलेसे वाटते तेही समूळ नाहीसे होत नाही. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली. एकाच दिवशी सलग केलेल्या ६८ आवृत्त्यांनी जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनीही साधले.

इंग्रज मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांचा ग्रंथ १९३२ चा. त्यांनी वाचकांना एक अपरिचित लोककथा वाचावयास देऊन ती पुन्हा सांगावयास लावली. वाचकांनी अनोळखी तपशील गाळले आणि ओळखीचे घातले. स्मृती म्हणजे जशीच्या तशी नक्कल नव्हे. मन दर वेळी ती नव्याने रचते. म्हणूनच समजून घेतलेले, अनुभवाशी जोडलेले ज्ञान अधिक टिकते. या बाबतीत प्रौढाची शिदोरी मोठीच असते.

समर्थ रामदासांनी २०५ ‘मनाचे श्लोक’ रचले. त्यांत मनाला धिक्कारून दूर लोटलेले नाही. त्याला ‘सज्जन’ म्हणून आळवले आहे. विसरणाऱ्या मनाशीही असेच वागावे. पुस्तक मिटावे, परंतु उद्या पुन्हा उघडण्यासाठी.

पाठगत प्रश्न
१. एबिंगहाउस यांनी विस्मरण कसे मोजले?
२. ‘प्रौढाची शिदोरी’ म्हणजे काय, ते स्वतःच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.