मागची चाकं सुटतात तेव्हा

जूनचा दुसरा रविवार, सकाळचे साडेसहा. चाकणच्या पुढे एमआयडीसीच्या नव्या टप्प्यात सिमेंटचा रुंद रस्ता झाला होता. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण घातलेले रिकामे प्लॉट आणि मधे एक मोठा गोल. रात्री पाऊस पडून गेला होता. मी २६ वर्षांचा. गाडी सेकंड हँड, १८४ बीएचपीची, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल सेडान. शेजारी शाळेपासूनचा मित्र, हातात फोन धरून शूटिंग करत. त्या गोलाभोवती मी दोनदा गाडी आडवी घातली आणि दोन्ही वेळा ती झकास सावरली.

तिसऱ्या वेळी मागची चाकं ओल्या सिमेंटवरून पाणी निथळून गेलेल्या डांबरी पट्ट्यावर आली. उजवीकडे वळत घसरणारी गाडी एका क्षणात डावीकडे फेकली गेली. स्टिअरिंग हातातून गरकन फिरलं आणि त्याच्या आडव्या दांडीचा फटका अंगठ्यावर बसला. कडेच्या दगडावर चढून गाडी ड्रेनेजच्या चेंबरवर आदळली. मित्र एवढंच म्हणाला, "हात वर जात नाहीये रे." त्याचं कॉलरबोन मोडलं होतं.

चेंबरच्या बाजूला एक स्टीलचा डबा कलंडला होता. पलीकडच्या प्लॉटचे वॉचमन रोज त्याच चेंबरवर बसून न्याहारी करायचे. त्या दिवशी डबा उघडून ठेवून ते बाटली भरायला टाकीवर गेले होते. धावत आले आणि पहिला प्रश्न केला, "बाळांनो, आत अजून कोणी आहे का?" डब्यातली चपाती खडीत पडली होती. ती चपाती मला आजही दिसते.

याला आता ९ वर्षं झाली. ओळखीतली विशी-बाविशीची मुलं नवी गाडी घेतली की विचारतात, रोजच्या गाडीवर ड्रिफ्टचा सराव करावा का? करू नये, हे माझं उत्तर आहे. पण नुसतं "नको" ऐकून या वयात कोणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो. का नको, हे समजून घ्यायला या खेळाच्या मुळापर्यंत जावं लागतं.

ड्रिफ्टिंग म्हणजे मागची चाकं मुद्दाम सुटू द्यायची, पुढची चाकं वळणाच्या उलट धरायची आणि रेस कमी-जास्त करत गाडी तशीच तिरकी चालवत न्यायची. या कलेचा उगम जपानचा. कुनिमित्सु ताकाहाशी हा मूळचा मोटारसायकल रेसर. १९६१ साली ग्रां प्री शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. पुढे मोटारींच्या शर्यतीत तो वळणात गाडी तिरकी घालून वेग राखायचा. ते पाहून केइची त्सुचिया नावाचा तरुण घाटात सराव करू लागला. १९८७ साली ‘प्लसपी’ नावाच्या व्हिडिओत त्याचं घाटातलं ड्रिफ्टिंग साऱ्या जपानने पाहिलं आणि त्या सार्वजनिक रस्त्यावरच्या करामतीपायी त्याच्या रेसिंग लायसन्सवर गदा आली. आपल्याकडची मुलं रीलमध्ये जे बघतात त्याचा हा मूळपुरुष.

रीलमध्ये न दिसणारा भाग त्याच्या गाडीत आहे. त्सुचियाची टोयोटा एई८६ साधारण साडेनऊशे किलोची आणि १६०० सीसीच्या बिनटर्बो इंजिनची; ताकद जेमतेम १३० हॉर्सपॉवर. गाडी हलकी, टायर अरुंद. त्यामुळे ती कमी वेगात सुटायची, सावकाश सुटायची आणि पायाने जेवढी रेस दिली तेवढंच इंजिन बोलायचं. चूक करून ती दुरुस्त करायला वेळ मिळायचा.

माझी सेडान दीड टनाची. टर्बो डिझेलची ताकद आधी येत नाही आणि मग लोटासारखी येते. गाडी सावरण्यासाठी चिमूटभर रेस हवी असते, तेव्हा पाय दाबल्यावर काही घडत नाही. घाबरून अजून दाबावा तर सगळं बळ एकदम मागच्या चाकांवर कोसळतं. शिवाय टायर रुंद आणि चांगल्या पकडीचे. चांगली पकड म्हणजे सुरक्षितता, हे नेहमीच्या ड्रायव्हिंगमध्ये खरं. पण अशी गाडी सुटायला वेग जास्त लागतो, आणि जास्त वेगात सुटलेली गाडी थांबायला जागाही जास्त लागते. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट होते.

आज तरुणांच्या हातात असलेल्या बहुतेक चपळ हॅचबॅक तर पुढच्या चाकांवर चालतात. त्यांत खरा ड्रिफ्ट होतच नाही. हँडब्रेक ओढून मागची चाकं जाम करायची आणि शेपूट फिरवायची, एवढंच होतं. जाम झालेलं चाक एकाच जागी घासलं जातं, टायरवर सपाट चट्टा पडतो आणि मग हायवेवर स्टिअरिंग थरथरू लागतं. मागच्या चाकांच्या गाडीत क्लच, डिफरन्शियल आणि रबरी बुश यांची वाट लागते. साध्या डिफरन्शियलमध्ये वळणाच्या आतलं चाक हवेत असल्यासारखं गरगरतं आणि बाहेरच्या चाकाला बळ कधी मिळेल याचा भरवसा राहत नाही. स्पर्धेतल्या गाड्यांत त्यासाठी वेगळं डिफ बसवलेलं असतं.

आणि ते बटण. डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र असलेलं. आमच्यात "ट्रॅक्शन बंद कर" हा परवलीचा शब्द होता. त्या बटणामागे स्थैर्य सांभाळणारी यंत्रणा आहे. बॉशने ती विकसित केली आणि १९९५ मध्ये ती मर्सिडीजच्या गाडीत पहिल्यांदा आली. गाडी स्टिअरिंगच्या दिशेने न जाता भलतीकडे फिरायला लागली की ती एकेका चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे लावून गाडी सरळ करते. एका पायाने चार चाकांचे चार वेगळे ब्रेक लावणं कोणत्याही माणसाला शक्य नाही. १९९७ साली स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेल्या मूस या मोठ्या हरणाला चुकवण्याची नक्कल करताना मर्सिडीजची नवी ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने हीच यंत्रणा त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत बसवली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सगळ्या हलक्या गाड्यांना ती सक्तीची झाली. तरुण मुलगा ड्रिफ्टसाठी पहिल्यांदा जे बंद करतो, ते हे.

तिसऱ्या फेरीत माझ्या गाडीला नेमकं काय झालं, ते मला बऱ्याच उशिरा उमगलं. घसरताना मी स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे उलटं धरलं होतं. ओल्या सिमेंटवर ते बरोबरच होतं. मागच्या टायरना अचानक पकड मिळाली तेव्हाही पुढची चाकं डावीकडेच वळलेली होती, आणि गाडी मुकाट त्या दिशेने गेली. त्यात मी दचकून रेस सोडली. रेस सोडली की वजन पुढे येतं, पुढची चाकं अजून घट्ट धरतात आणि झटका वाढतो. बंदिस्त ट्रॅकवर पृष्ठभाग एकसारखा असतो, कडेला मोकळी जागा असते. आपल्या रस्त्यावर दहा मीटरच्या आत सिमेंट, डांबर, पांढरा पट्टा, सांडलेली वाळू आणि बैलगाडीतून गळलेलं उसाचं पाचट असं सगळं भेटतं. प्रत्येकाची पकड निराळी. हाताला सवय होते ती एकाच पकडीची.

मी काही पहिल्यांदा गाडी आडवी घालत नव्हतो. ४ महिने, जवळजवळ दर रविवारी, मी सराव केला होता. पहिल्या दिवशी मी घाबरलेला होतो, म्हणून मोकळ्या मैदानात, एकटा, २५-३० च्या वेगात होतो. जमायला लागलं तसा वेग वाढला, मैदान जाऊन रस्ता आला, मित्र शेजारी बसला. मला येत नव्हतं तोवर कोणालाही इजा झाली नाही. येतंय असं वाटायला लागल्यावर कॉलरबोन मोडलं.

हा माझ्या एकट्याचा अनुभव असेल असं मला वाटायचं. पण उत्तर युरोपातल्या देशांनी याची मोठी किंमत मोजून नोंद केली आहे. तिथे रस्त्यावर बर्फ, म्हणून नॉर्वेने १९७९ साली नव्या चालकांना घसरड्या ट्रॅकवरचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. हेतू चांगला होता. नंतर तपासणी झाली तेव्हा तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढलेले आढळले. फिनलंडलाही तसाच अनुभव आला. मग स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगरसन या संशोधकाने एक साधा प्रयोग केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एका गटाकडून घसरड्या जागी ब्रेक मारण्याचं आणि अडथळा चुकवण्याचं कौशल्य घोटून घेतलं. दुसऱ्या गटाला त्याच जागी दाखवून दिलं, की आपलं नियंत्रण किती तोकडं आहे आणि तेही कधी दगा देईल सांगता येत नाही. नंतर परीक्षा घेतली तर दोन्ही गट सारखेच निघाले. फरक एकच होता: कौशल्य घोटलेल्यांना आपण जास्त तरबेज आहोत असं वाटत होतं.

हे वाचलं त्या रात्री मी तो जुना व्हिडिओ पुन्हा पाहिला. मित्राच्या फोनमधला, पहिल्या दोन फेऱ्यांचा. माझ्या चेहऱ्यावर हसू आहे आणि नजर रस्त्यावर नाही, फोनच्या कॅमेऱ्याकडे आहे.

कायद्याचं आणि पैशांचं थोडक्यात सांगतो. रिकामा असला तरी एमआयडीसीचा रस्ता सार्वजनिकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार धोकादायक ड्रायव्हिंगला पहिल्याच गुन्ह्यात ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. चालवणारा १८ वर्षांखालचा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगतं. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी या वापराला संरक्षण नाही, हे छापलेलंच असतं. सर्व्हेअरने विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं आणि ३ लाख ८० हजार रुपये स्वतःच्या खिशातून भरले. बाबांनी त्यासाठी एक एफडी मोडली. त्यांनी त्यावर कधी एक शब्द काढला नाही, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं.

मग ज्याला खरोखर शिकायचंय त्याने काय करावं? जपानमध्ये फुकुशिमा जिल्ह्यात एबिसु नावाचं सर्किट आहे, तिथे जुन्या निस्सान गाड्या भाड्याने देऊन ड्रिफ्टिंग शिकवलं जायचं. दक्षिण आफ्रिकेत जुन्या मागच्या चाकांच्या बीएमडब्ल्यू गरागरा फिरवण्याचा प्रकार सोवेटोच्या रस्त्यांवर वाढला. २०१४ साली तिथल्या मोटारस्पोर्ट संघटनेने त्याला खेळ म्हणून मान्यता दिली आणि तो प्रेक्षकांपासून दूर, बंद मैदानात आला. आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला आणि ग्रेटर नोएडाला ट्रॅक आहेत. मोटारस्पोर्टची राष्ट्रीय संघटना, एफएमएससीआय, चेन्नईतच आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे लांब पडतं, हे मान्य. पण गाडीवर टाकल्या जाणाऱ्या एका एक्झॉस्टच्या पैशांत दोन दिवसांचा प्रशिक्षण वर्ग आणि रेल्वेचं तिकीट सहज बसतं.

तिथे गेल्यावर गाडी दुसऱ्याची आणि कमी ताकदीची मागा. पाणी सोडलेली सपाट जागा मागा. वेग ३०-४० पुरे. आरटीओत लायसन्ससाठी आठ काढतात तसाच तिथेही आठच काढायचा, फक्त मागची चाकं सोडून. डोक्यावर हेल्मेट, अंगठे स्टिअरिंगच्या दांड्यांबाहेर, शेजारच्या सीटवर फक्त शिक्षक. नजर जिकडे जायचंय तिकडे. खांबाकडे पाहिलं की हात खांबाकडेच वळतात. आणि फोन बॅगेत.

ड्रिफ्टच्याही आधी एक गोष्ट शिकून घ्या, ती रोज उपयोगी पडते. एबीएसच्या गाडीत ब्रेक जीव खाऊन दाबला की पेडल पायाखाली धडधडतं. ज्यांनी ते कधी अनुभवलेलं नसतं ते दचकून पाय उचलतात, नेमका उचलायचा नसतो तेव्हा. शिक्षकाबरोबर, मोकळ्या जागेत, दहा-बारा वेळा तो धडका पायाला कळू द्या.

मीही दोन वर्षांनी असा वर्ग केला. शिक्षकांनी पहिल्या सकाळी विचारलं, आधी कोणी ड्रिफ्ट केलंय का? माझ्यासकट ५ हात वर गेले. त्या पाचांना त्यांनी दिवसभर फक्त ब्रेक मारायला लावलं.

मित्राच्या खांद्यात प्लेट बसली, ती अजून आहे. वॉचमनकाकांना मी नवा डबा नेऊन दिला, तेव्हा त्यांची बदली दुसऱ्या प्लॉटवर झाली होती. शोधून काढायला तीन रविवार लागले. गाडी ४ महिन्यांनी रस्त्यावर आली आणि वर्षाच्या आत विकली. मित्र माझ्या शेजारच्या सीटवर पुन्हा बसला तो त्यानंतर दीड वर्षाने, त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या खरेदीला जाताना. बसल्या बसल्या त्याने बेल्ट लावला आणि दोनदा ओढून पाहिला.