फ्रेम ॲल्युमिनियमची की कार्बनची?

प्रश्न : त्याच किमतीत ॲल्युमिनियमची रोड सायकल घ्यावी की कार्बनची?

उत्तर : शर्यतीत उतरणार नसाल, तर ॲल्युमिनियमचीच घ्या. चांगली ॲल्युमिनियम फ्रेम साधारण १२०० ते १४०० ग्रॅमची असते, कार्बनची ८०० ते १०००. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर सिंहगडाच्या चढावर हा फरक एक टक्काही भरत नाही. उलट त्याच पैशात कार्बन घेताना चाकं आणि गिअर हलक्या दर्जाचे मिळतात. ॲल्युमिनियम हादरे देतं, हा आक्षेप खरा आहे. पण २५ऐवजी ३२ मिमीचे टायर लावून हवा थोडी कमी ठेवली, की फ्रेम बदलून मिळेल त्याहून जास्त आराम मिळतो. शिवाय मार बसलेल्या कार्बनमधली चीर बाहेरून दिसेलच असं नाही. फ्रेममध्ये ३२ मिमीचा टायर बसतो का, हे मात्र दुकानात आधी विचारा.