चाकावरच्या शंभर रेघा

लाटणे कसे तयार होते, ठाऊक आहे ना? लाकूड गरगर फिरते आणि कातारी त्याला पटाशी लावतो. लाकडाचा कीस निघतो आणि लाकूड गोल होते. लोखंड, पितळ असेच कातायचे यंत्र म्हणजे लेथ. लेथमध्ये धातूचा तुकडा चकात घट्ट धरतात. चक फिरतो. धारेचे टूल हळूहळू पुढे सरकवतात.

लेथ म्हटला की आपल्याला कारखाना आठवतो. पण पुष्कळ लोकांनी हौसेने घरी लेथ ठेवला आहे. दिवसभर कचेरीत किंवा दुकानात काम करायचे आणि संध्याकाळी घरामागच्या खोलीत लेथवर बसायचे. कोणी वाफेचे लहान इंजिन करतो, कोणी घड्याळ करतो, तर कोणी शेजाऱ्याच्या पंपाचा झिजलेला दांडा नवा करून देतो.

इंग्लंडात ही हौस फार जुनी आहे. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी तिथे अशा लोकांसाठी ‘मॉडेल इंजिनियर’ नावाचे मासिक काढले. त्याच साली लंडनमध्ये या हौशी लोकांची एक मंडळीही स्थापन झाली. मासिकात वाचक आपापल्या युक्त्या लिहून पाठवीत. एकाने लिहायचे, दुसऱ्याने करून पाहायचे आणि त्यात सुधारणा सुचवायची. अमेरिकेत डेव्हिड जिंजरी यांनी तर भंगारातून कारखाना कसा उभारावा, याचीच पुस्तके लिहिली. आधी कोळशाची भट्टी करायची. तीत जुने ॲल्युमिनियम वितळवून लेथचे भाग ओतायचे. लेथ अर्धवट तयार झाला की त्याचे पुढचे भाग त्याच्यावरच कातायचे!

या लोकांची एक युक्ती आपण आज नीट समजून घेऊ.

टूल पुढे सरकवायला लेथला एक हातचाक असते. त्या चाकामागे आट्यांचा दांडा, म्हणजे स्क्रू असतो. समजा, या स्क्रूचे दोन आटे एकमेकांपासून २ मिलिमीटरवर आहेत. मग चाकाचा एक पुरा फेरा झाला की टूल २ मिलिमीटर पुढे जाते. अर्धा फेरा झाला की १ मिलिमीटर. पण याहून थोडे सरकवायचे असेल तर? अंदाजाने चालत नाही. जास्त कातले गेले तर धातू परत चिकटवता येत नाही. दांडा बुशात ढिला बसतो, खडखडतो, आणि दोन दिवसांची मेहनत भंगारात जाते.

जुन्या, स्वस्त लेथच्या हातचाकावर पुष्कळदा खुणाच नसतात. तेव्हा हौशी कारागीर पितळेचे एक कडे कातून चाकाला बसवतो आणि त्यावर शंभर सारख्या रेघा पाडतो. आता हिशेब करा. शंभर रेघांना २ मिलिमीटर, तर एका रेघेला ०.०२ मिलिमीटर. वहीच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. म्हणजे एक रेघ सरकली की टूल कागदाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढे पुढे गेले!

आता तुम्ही विचाराल, “अहो, पण गोल कड्यावर शंभर रेघा सारख्या पाडायच्या कशा?” खरी गंमत इथेच आहे.

गोलावर सारखे भाग पाडणे कठीण असते, सरळ पट्टीवर सोपे. म्हणून कागदाची ३०० मिलिमीटर लांब पट्टी कापायची. तिच्यावर दर ३ मिलिमीटरला एक खूण करायची. झाल्या शंभर खुणा. मग लाकडाची एक चकती कातायची. पट्टी तिच्याभोवती गुंडाळली की दोन्ही टोके एकमेकांना बरोबर भिडली पाहिजेत. अशा चकतीचा व्यास सुमारे साडेपंचाण्णव मिलिमीटर होतो. म्हणून चकती आधी थोडी मोठी ठेवायची आणि पट्टी लावून पाहत पाहत कमी करायची.

पट्टी चकतीला चिकटवली की चकती लेथच्या फिरत्या दांड्याच्या मागच्या टोकाला बसवायची. पितळेचे कडे पुढे चकात धरायचे. चकतीजवळ तारेचा एक काटा पक्का बसवायचा. मोटारीची वायर काढून ठेवायची, कारण हे सगळे काम हाताने करायचे आहे. पहिली खूण काट्याखाली आणा, दांडा हलणार नाही असा अडकवा, आणि टोकदार टूलने कड्यावर आडवी रेघ ओढा. मग दुसरी खूण, दुसरी रेघ. दर पाचवी रेघ थोडी लांब आणि दर दहावी त्याहून लांब ओढा, म्हणजे मोजताना डोळा चुकत नाही.

चकती मोठी का घ्यायची? कडे ३२ मिलिमीटरचे असेल, तर चकती त्याच्या तिप्पट मोठी झाली. पट्टीवरची खूण थोडी चुकली, तरी कड्यावर ती चूक तिसऱ्या हिश्शाचीच उरते.

रेघा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट अशी की दांडा गोल आहे. टूल एका बाजूने जेवढे आत जाते, त्याच्या दुप्पट व्यास कमी होतो. २०.२० मिलिमीटरचा दांडा २०.०० करायचा, तर टूल ०.१० मिलिमीटर आत न्यायचे. म्हणजे पाच रेघा, दहा नव्हेत. दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रूत थोडा ढिलेपणा असतोच. चाक चुकून पुढे गेले, तर नुसते एक-दोन रेघा मागे फिरवू नये. अर्धा फेरा मागे घ्यावे आणि पुन्हा पुढे येत येत हव्या त्या रेघेवर थांबावे.

आणि जिवाची काळजी आधी. फिरत्या लेथजवळ सैल बाही, उपरणे, पदर नको. हातमोजेही नकोत, ते चकात अडकले की हात ओढला जातो. चकाची किल्ली चकातून काढल्याशिवाय मोटार सुरू करू नये. डोळ्यांना चष्मा हवा. कीस हाताने ओढू नये, ब्रशने काढावा.

पाहा, या युक्तीला लागले काय? कागदाची पट्टी, लाकडाची चकती आणि थोडा हिशेब. कोणी तरी ती करून पाहिली आणि लिहून ठेवली, म्हणून ती दुसऱ्याच्या हाती आली. तुमच्याही हातात अशी एखादी युक्ती असेल. मापासकट ती वहीत उतरवून ठेवा.

सांगा पाहू
१. स्क्रूचे आटे २ मिलिमीटरवर आहेत आणि कड्यावर ५० रेघा आहेत. एका रेघेला टूल किती सरकेल?
२. दांड्याचा व्यास ०.४० मिलिमीटर कमी करायचा आहे. शंभर रेघांच्या कड्यावर किती रेघा पुढे जावे?
३. लेथवर हातमोजे का घालू नयेत?

करून पाहा
डब्याच्या गोल झाकणाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा. टोके भिडतील तिथे कापा. पट्टी सरळ करून तिची घडी घाला, पुन्हा घाला, आणखी एकदा घाला. घड्यांवर खुणा करून पट्टी परत झाकणाला लावा. झाकणाचे किती सारखे भाग झाले?