बीड्सना काय चिकटलं?

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझी सात वर्षं गेली. त्यातली निदान चार वर्षं एकाच उद्योगात: टायरोसीनवर फॉस्फेट बसलेली प्रथिनं अँटिबॉडीने पकडायची, अँटिबॉडीला बारीक मण्यांवर, म्हणजे बीड्सवर, अडकवायचं, धुवायचं आणि हाती काय लागलं ते ब्लॉटवर बघायचं. याला इम्युनोप्रेसिपिटेशन म्हणतात. आम्ही नुसतं ‘आयपी लावली’ म्हणतो. नवी मुलं आली की प्रोटोकॉल मागतात. तो मी देतेच. त्यात नसलेलं इथे लिहिते आहे.

१. माल फार थोडा आहे, हे आधी मनात पक्कं करा.

पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेट भरपूर असतं, पण जवळपास सगळं सेरीन आणि थ्रिओनीनवर. १९८० साली हंटर आणि सेफ्टन यांनी मोजलं तेव्हा साध्या पेशीत टायरोसीनचा वाटा ०.०३ टक्के भरला, म्हणजे दहा हजारांत तीन. म्हणूनच १९७९पर्यंत तो कुणाच्या नजरेत आला नव्हता. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांना तो दिसला, तोही ताजा बफर करायचा कंटाळा केल्यामुळे. बफरचा पीएच हवा होता १.९, तोच तोच वापरून तो १.७वर घसरला होता. १.९ला फॉस्फोटायरोसीन आणि फॉस्फोथ्रिओनीन एकाच जागी धावतात, घसरलेल्या बफरमध्ये ते वेगळे झाले. हंटर यांच्या शिळ्या बफरने एक नवं क्षेत्र उघडलं. माझ्या शिळ्या द्रावणाने माझे तीन महिने खाल्ले.

२. व्हॅनाडेट स्वतः करा, आणि त्याचा रंग बघा.

पेशी फोडली की फॉस्फेट बसवणारे किनेझ थांबतात, पण फॉस्फेट उतरवणारे फॉस्फेटेझ जोमात असतात. त्यांना रोखायला सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट लागतं. ते पाण्यात नुसतं विरघळवून चालत नाही. पीएच १०वर आणायचा. द्रावण पिवळं पडतं, कारण व्हॅनाडेटचे रेणू एकमेकांत गुंतून बसलेले असतात. रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करायचं, पुन्हा पीएच बघायचा, पुन्हा उकळायचं. पीएच १०वर टिकला आणि द्रावण बिनरंगी राहिलं की मगच छोट्या नळ्यांत भरून फ्रीझरमध्ये.

मी पहिल्या वर्षी कुणीतरी सोडून गेलेली नळी वापरत होते. वर बफरमध्ये ईडीटीए आणि डीटीटी दोन्ही घालत होते, कारण जुन्या वहीत तसं होतं. ईडीटीए व्हॅनाडेटला धरून ठेवतं, डीटीटी त्याचं क्षपण करतं. म्हणजे संरक्षक ठेवायचा आणि त्याचेच हात बांधायचे. तीन महिने ब्लॉट कोरे. मी पेशी बदलल्या, अँटिबॉडीला दोष दिला, कंपनीला तक्रारीचं पत्रही लिहिलं. शेवटी आमच्या बाईंनी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाल्या, ‘‘हे काय गं, हळदीचं पाणी?’’

३. पेशींना उपाशी ठेवा, स्वतः जेवून घ्या.

सीरममध्ये वाढघटक असतात, त्यामुळे सीरम न काढता केलेल्या प्रयोगात ‘आधी’ आणि ‘नंतर’ सारखंच दिसतं. रात्रभर सीरम बंद. सकाळी ईजीएफ हा एकच वाढघटक, पाच मिनिटं, आणि लगेच बर्फ. ए-४३१ पेशींवर ईजीएफचे ग्राहक इतके आहेत की १७० किलोडाल्टनच्या आसपास ठसठशीत पट्टा आलाच पाहिजे. तो आला नाही तर आपल्या प्रथिनाविषयी बोलायचा अधिकार त्या दिवशी नाही. पाच मिनिटं म्हणजे पाचच. त्या वेळात फोन घेऊ नये, घरून असला तरी.

४. अँटिबॉडीलाही आवडीनिवडी असतात.

फॉस्फोटायरोसीनविरुद्धच्या पहिल्या अँटिबॉडी १९८१मध्ये रॉस, बाल्टिमोर आणि आयसेन यांनी केल्या. पुढे फोर-जी-टेन आणि पीवाय-ट्वेंटी घरोघरी झाल्या. फॉस्फेटच्या शेजारी कोणती अमिनो आम्लं आहेत यावरून एकीला एक प्रथिन जास्त भावतं, दुसरीला दुसरं. म्हणून मी दोघींची जोडी लावते. धरलेलं सोडवायला फिनाइल फॉस्फेट वापरा: टायरोसीनवरच्या फॉस्फेटसारखंच दिसणारं हे रसायन अँटिबॉडीची जागा बळकावतं आणि प्रथिन मोकळं होतं. नुसतंच चिकटलेलं बरंचसं मागे राहतं.

आणि हा कंट्रोल सोडू नका. आयपीत मोकळं फॉस्फोटायरोसीन घातलं तर पट्टा गेला पाहिजे. फॉस्फोसेरीन घातलं तर राहिला पाहिजे.

५. ब्लॉटला दूध नको.

दुधाच्या केसीनवर भरपूर फॉस्फेट असतं, पार्श्वभूमी काळवंडते. बीएसए वापरा. (गंमत अशी की टायरोसीन १८४६मध्ये लिबिग यांना सापडलं ते केसीनमध्येच, आणि नावही चीजच्या ग्रीक शब्दावरून पडलं.)

६. नवरदेवाबरोबर वऱ्हाड येतं.

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. ईजीएफ दिल्यावर आयपीत ८५ किलोडाल्टनला सुंदर पट्टा येई. पी-८५ नावाच्या प्रथिनाची अँटिबॉडी लावली, तोच निघाला. मी वहीत लिहून टाकलं की आमच्या पेशींत पी-८५च्या टायरोसीनवर फॉस्फेट बसतं. पोस्टरचा मथळाही ठरला. बाईंनी एकच विचारलं, ‘‘तो स्वतः आलाय की कुणाचा हात धरून आलाय?’’

पी-८५मध्ये एसएच-२ नावाचे भाग असतात, आणि त्यांचं कामच फॉस्फोटायरोसीनला जाऊन धरणं. सौम्य डिटर्जंटमध्ये ही हातमिळवणी सुटत नाही. अँटिबॉडी एकाला ओढते, बाकीचे मागोमाग येतात. उपाय सोपा, पण कंटाळवाणा: लायसेट, म्हणजे फोडलेल्या पेशींचं द्रावण, एक टक्का एसडीएसमध्ये उकळा म्हणजे सगळ्या जोड्या तुटतील, मग दहापट पातळ करून एसडीएस ०.१ टक्क्यावर आणा, कारण त्याहून जास्त अँटिबॉडीला सोसत नाही, आणि आयपी लावा. मी लावली. पट्टा गायब. उलटीही तपासणी करा: पी-८५ची आयपी लावून फॉस्फोटायरोसीनचा ब्लॉट. पोस्टरचा मथळा बदलला. खरं सांगायचं तर नवा मथळा पहिल्यापेक्षा बरा होता.

७. पन्नास किलोडाल्टनच्या पट्ट्याला भुलू नका.

आयपीतल्या अँटिबॉडीची जड साखळी तिथेच येते, हलकी पंचवीसला. ५३ आणि ५६चा लिन हा किनेझ बघायला निघालेल्या एका मुलाने आठवडाभर अँटिबॉडीच पाहिली. लायसेट न घालता, नुसती अँटिबॉडी आणि बीड्स, अशी एक लेन कायम ठेवा.

८. कोरा ब्लॉट नेहमीच वाईट नसतो.

फोर-जी-टेन बोस्टनला ज्या प्रयोगशाळेत तयार झाली तिथे ब्रायन ड्रुकर काम करत होते. पुढे रक्ताच्या एका कर्करोगावर, सीएमएलवर, इमॅटिनिब आणण्यात त्यांचा मोठा वाटा. २००१मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. या रोगात बीसीआर-एबीएल हा टायरोसीन किनेझ सतत चालू राहतो. सीएमएलच्या रुग्णापासून मिळालेल्या के-५६२ पेशींची आयपी लावली की २१०ला त्याचा पट्टा दिसतो.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने त्याच पेशींना इमॅटिनिब दिलं. फिल्म धुऊन आली: औषधाविना लेन काळीभोर, शेजारची जवळजवळ कोरी. ती आनंदाने हसत होती. मी मात्र आधी एकूण एबीएलचा ब्लॉट मागवला; दोन्ही लेनमध्ये सारखा. मग तिची व्हॅनाडेटची नळी खिडकीपाशी नेऊन धरली. पाण्यासारखी नितळ होती.