गवत दिसतं, गारा दिसत नाही

श्रावणातल्या एका रविवारी जामसावळीच्या मारुतीचं दर्शन आटोपून आम्ही सौंसरकडच्या एका तलावावर गेलो. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. चूक माझी होती, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या पट्ट्यात ती कुठल्याही तलावावर करता येते.

भुरभुर पाऊस होता. पलीकडची टेकडी ढगात बुडालेली, पाणी राखाडी, संत्र्यांच्या बागा धुऊन निघालेल्या. गाडी पाळीवर लावून खाली चालत जायचं ठरलं होतं, पण आईचे गुडघे आड आले. खाली पाण्यापर्यंत सपाट हिरवं गवत. गुरं राखणारे एक म्हातारबा ओरडले, ‘‘भाऊ, गाडी वरतंच राहू द्या, खाली गारा हाये!’’ मी हसून हात हलवला आणि गाडी उतरवली.

पाण्यापासून वीसेक पावलांवर पुढची चाकं बसली. मी रेस दिली, तशी ती आणखी खाली गेली.

तलावाकाठचं ते गवत म्हणजे जमीन नव्हेच. तलाव भरला की तिथे पाणी असतं, उन्हाळ्यात ते हटतं आणि मागे वर्षानुवर्षांचा गाळ उरतो. काही ठिकाणी लोक त्यात गाळपेर करतात. मे महिन्यात त्याच्यावरून ट्रॅक्टर जातो, भेगा हातभर खोल असतात. पहिल्या पावसाने भेगा मिटतात, वर गवत येतं आणि आत लोणी होतं. काठी रोवून पाहावी. वीतभर सहज गेली, तर चाकही जाणार.

आम्ही ढकलत असताना ढग गडगडले. पोरं धावत बाभळीखाली गेली. मला आजही आठवतं ते हेच, गाडीचं नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदही लागले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे असं समजावं. उघड्या माळावर थांबू नये, एकट्या झाडाखाली तर मुळीच नाही. पक्कं घर नसेल तर काचा लावून गाडीत बसावं. पोरांना ओढून रुतलेल्या गाडीतच कोंबलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तेव्हापासून फोनमध्ये आहे. निघण्याआधीच पाहतो, कारण तलावावर रेंज असेलच असं नाही.

शेवटी म्हातारबांनीच गावातून बैलजोडी आणवली. दीड तासाने गाडी पाळीवर आली. ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

परतताना नाल्यावरच्या रपट्यावर पाणी. जाताना तिथे घोटाही बुडत नव्हता. आमच्याकडे पाऊस थांबला होता, पण वर सातपुड्यात पडत राहिला होता. तो नाल्याला तासाभराने कळतो. मेव्हणा म्हणाला, ‘‘निघते भाऊजी, मारा!’’ पण गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की फुटला, कोणाला ठाऊक? वाहतं पाणी अर्धा फूट असलं तरी माणसाचे पाय उचलतं, फूटभर असलं तर लहान गाडी सरकवतं. कडेचे दगड दिसत नसतील तर थांबावं. असले नाले चढतात तसेच उतरतात. आम्ही एका शाळेच्या ओसरीत अडीच तास बसलो, उरल्यासुरल्या तिखट पुऱ्या खाल्ल्या आणि मग निघालो. एवढं शहाणपण कसं सुचलं, तर गाळाने नुकतंच शिकवलं होतं म्हणून.

तलावावर डोंगीत बसायचा मोह मात्र कोणालाच झाला नाही. शेजारच्या वरूड तालुक्यात झुंज इथे 14 सप्टेंबर 2021 ला वर्धा नदीत नाव उलटून 11 जण गेले, तेही नात्यातले. आमच्या भागात ते कोणी विसरलेलं नाही. अंगात जाकीट नसेल तर काठावरूनच पाणी पाहावं.

आणखी एक, बाहेरून येणाऱ्यांसाठी: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते. त्या दिवशी या रस्त्याने तलावाचा बेत करू नका.

आणि निघायची वेळ घरीच ठरवा: चार वाजता परत, मग ऊन पडलेलं असो की नसो. डिकीत जाड दोर ठेवा. आमच्याकडे नव्हता, बैलांचा वापरला.