अर्थसंकल्पात हक्काची ओळ : संस्थांनी काय करावे, काय टाळावे

फेब्रुवारी सरत आला की मंत्रालयात निवेदनांची रीघ लागते. कुपोषण, आश्रमशाळा, दिव्यांगांची साधने, उपकेंद्रातली औषधे. प्रत्येक विषयाची संस्था असते, तिचे निवेदन असते आणि त्यावर आवक शाखेचा शिक्का पडतो. मागण्या बहुतेक रास्तच असतात, पण विभागांचे आकडे तोवर ठरून गेलेले असतात. ही वेळ चुकते तेव्हा वर्ष वाया जाते ते अंगणवाडीतल्या मुलाचे. म्हणून राज्यात काम करणाऱ्या संस्थांसाठी ही टिपणे.

मार्चची वाट पाहू नका. पावसाळ्यातच कामाला लागा.
विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तयार करतात. कक्ष अधिकारी मागच्या वर्षीचा आकडा समोर ठेवतो, त्यात थोडी भर घालतो आणि फाइल वर पाठवतो. नवी बाब आत शिरण्याची खरी संधी याच आठवड्यांत असते. त्यानंतर वित्त आणि नियोजन विभागांशी घासाघीस होते ती बहुधा कपातीची. जिल्हा वार्षिक योजनेचेही तसेच आहे. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीत आराखडा येतो तेव्हा त्याचा कच्चा मसुदा जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे आधीच तयार असतो. दिवाळीपूर्वी त्यांना भेटा.

कक्ष अधिकाऱ्याला वगळून थेट मंत्र्यांकडे जाऊ नका.
मंत्र्यांचा शेरा घेऊन आलेले निवेदन शेवटी त्याच टेबलावर उतरते. तिथल्या माणसाला विषय पटलेला असेल, हिशेब हातात असेल, तर टिपणी चांगली लिहिली जाते. टिपणी कमकुवत असली की वित्त विभाग ती सहज परत पाठवतो.

आपल्या मागणीचे ‘हेड’ शोधा.
‘काम चांगलं आहे हो, पण याला हेडच नाही,’ हे वाक्य सरकारी कार्यालयात ऐकले नाही असा कार्यकर्ता विरळा. बहुतेक जण तिथून हात हलवत परततात. खरे तर काम तिथूनच सुरू होते. सरकारचा प्रत्येक रुपया कुठल्या तरी लेखाशीर्षाखाली, म्हणजेच हेडखाली, बसतो. शालेय शिक्षण २२०२ मध्ये, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य २२१० मध्ये, अनुसूचित जाती-जमातींचे कल्याण २२२५ मध्ये. त्याखाली ७८९ हा आकडा दिसला तर ती रक्कम अनुसूचित जातींच्या घटक योजनेची, ७९६ दिसला तर आदिवासी उपयोजनेची. हे आकडे देशभर सारखे आहेत आणि दोन-तीन दिवस पुस्तकांशी बसले की नजरेत भरतात.

हेड सापडले की मागणी कोणत्या प्रकारची आहे ते कळते. चालू योजनेतली रक्कम वाढवायची असेल तर वाट सोपी. योजनाच नसेल तर नवे लेखाशीर्ष उघडून घ्यावे लागते. सुरुवातीला तिथे हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद मिळाली तरी ती नाकारू नका. ओळ छापली गेली की पुढे पुरवणी मागणीतून तीत रक्कम घालता येते. ओळच नसेल तर कितीही सहानुभूती असली तरी पैसा ठेवायला जागा नसते.

‘भरीव तरतूद करावी’ असे लिहू नका.
भरीव म्हणजे किती, हे वाचणाऱ्याने ठरवायचे असे होते आणि तो शून्यही ठरवू शकतो. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदर आणि स्तनदा मातांना त्यातून एक वेळचे चौरस जेवण मिळते. समजा एका तालुक्यात अशा ६०० माता आहेत, वर्षात ३०० दिवस जेवण द्यायचे आहे आणि बाजारभाव पाहता ताटामागे १० रुपये कमी पडत आहेत. मग तुमची मागणी १८ लाख रुपयांची आहे. तेल, डाळ, अंडी यांचे स्थानिक दर जोडा, दोन गावांतल्या आहार समितीच्या बायकांची सही घ्या. एवढा कागद कोणताही अधिकारी वाचतो.

एका निवेदनात पंचवीस मागण्या नकोत. तीन पुरेत. त्यातली एक अशी असावी की जिला पैसा लागत नाही, फक्त नियम बदलावा लागतो.

तिन्ही आकडे शेजारी मांडा.
अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च. वर्तमानपत्रात पहिला येतो आणि वाद त्याच्यावरच होतो. पण एखाद्या विभागाला सरकार खरोखर किती महत्त्व देते हे कळते ते पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यातल्या अंतरावरून. लागोपाठ तीन वर्षे सुधारित अंदाजात कात्री लागत असेल तर तेच तुमचे सर्वांत मोठे म्हणणे आहे. तुलना करताना महागाई वजा करा. दहा टक्के वाढ मिळाली म्हणून आनंदावे आणि धान्य बारा टक्क्यांनी महागलेले असावे, असे होऊ देऊ नका. जुन्या कागदांतले ‘योजना’ आणि ‘योजनेतर’ हे भेद आता गेले. महाराष्ट्रात ‘अनिवार्य’ आणि ‘कार्यक्रम’ खर्च असे भाग दिसतील. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुली उत्पन्नाचा निम्म्याहून मोठा वाटा जातो. उरलेल्यातून काय मागता येते याचे भान ठेवले तर मागणीला वजन येते.

पैसा परत का गेला, हे विचारल्याशिवाय नवा पैसा मागू नका.
वित्त विभागाचे ठरलेले उत्तर असते : ‘दिलेलाच खर्च होत नाही, वाढवून कशाला?’ या उत्तरापुढे भल्याभल्या मोहिमा गारद होतात, कारण ते बहुधा खरे असते. मात्र खर्च न होण्याचे कारण गरज नसणे हे नसते. प्रशासकीय मान्यता जानेवारीत मिळालेली असते. मागच्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र तालुक्यात अडकलेले असते. पद रिक्त असते, जागेचा सातबारा कुणाच्या तरी नावावर असतो. ही साखळी कुठे तुटते ते मंत्रालयाला दिसत नाही, गावात काम करणाऱ्या संस्थेला दिसते. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने २००७ पासून राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचा छोटा निधी कुठे खर्च झाला, हेही लोक जनसुनवाईत विचारू लागले. रुग्ण कल्याण समितीची वही वाचायला शिकलेली बाई जिल्ह्याच्या आराखड्यावरही बोलू शकते. म्हणून सुरुवात छोट्या निधीपासून करा.

राज्याच्या ‘बीम्स’ प्रणालीवर निधीवाटप आणि खर्च पाहण्याची सवय लावा. जे तिथे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. २००५ च्या कायद्यातील कलम ४ नुसार तर प्रत्येक कार्यालयाने आपला अर्थसंकल्प आणि वितरणाचे अहवाल स्वतःहून जाहीर करायचे आहेत. अर्जात ते कलम लिहा.

वळवलेल्या पैशावर नजर ठेवा.
दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी अनुसूचित जातींच्या घटक योजनेतले सुमारे ७४४ कोटी रुपये वळवले गेले, हे ‘हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क’ने २०१० मध्ये माहिती अधिकारातून मिळवलेल्या कागदांवरून मांडले. दलित संघटनांनी प्रश्न लावून धरला आणि तत्कालीन गृहमंत्र्यांना निधी वळवल्याचे राज्यसभेत मान्य करावे लागले. आपल्याकडे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी ‘लाडकी बहीण’ योजनेकडे गेला, तेव्हा खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनी उघड नाराजी व्यक्त केली. गरीब बायकांच्या हाती रोख रक्कम पडणे मला मोलाचे वाटते. तरीही वसतिगृहातल्या मुलीच्या ताटातून ती रक्कम काढली जाऊ नये, हे स्पष्टपणे बोलायलाच हवे, लोकप्रिय योजनेविरुद्ध बोलल्याचा ठपका आला तरी.

फक्त रक्कम मागू नका, पद्धत मागा.
महाराष्ट्राने सुखटणकर समितीच्या शिफारशींनंतर १९९३-९४ पासून राज्य योजनेचा ९ टक्के भाग आदिवासी उपयोजनेसाठी वेगळा काढून तो आदिवासी विकास विभागाच्या हाती देण्याची रीत सुरू केली. सरकारे बदलली तरी ती चौकट टिकली. आंध्र प्रदेशात दलित-आदिवासी संघटनांच्या दीर्घ लढ्यानंतर २०१३ मध्ये उपयोजनांचा कायदाच झाला. कर्नाटकनेही त्याच वर्षी केला. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा यासाठी संस्थांनी एकत्र येणे हे माझ्या मते दहा स्वतंत्र निवेदनांपेक्षा मोठे काम आहे.

एकाच पक्षाच्या आमदाराला धरून बसू नका.
अहमदाबादच्या ‘दिशा’ संस्थेने १९९० च्या दशकात गुजरातच्या अर्थसंकल्पाची पुस्तके मिळवली, आदिवासींच्या नावावरचे आकडे वेगळे काढले आणि त्यांची थोडक्यात टिपणे करून अधिवेशन चालू असतानाच आमदारांपर्यंत पोहोचवली. टिपण सर्व पक्षांच्या हाती पडत असल्याने त्यावर एका पक्षाचा शिक्का मारणे अवघड गेले. इथेही दोन पानी टिपण करा : एक मुद्दा, तीन आकडे, आमदाराच्या मतदारसंघातले एक उदाहरण आणि विचारता येईल असा तारांकित प्रश्न तयार लिहून. बऱ्याच विभागांच्या मागण्या चर्चेविना मंजूर होतात, म्हणून कपात सूचना कोण देणार हे आधीच ठरवा. लोकलेखा समिती, अंदाज समिती, अनुसूचित जमाती कल्याण समिती यांच्याकडे संस्था फार कमी वळतात. तिथे अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते.

पक्षाचा प्रचार मात्र पूर्ण टाळा. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांवर राजकीय स्वरूपाच्या कामाबद्दल कायद्याची बंधने आहेत. राजकीय उद्दिष्ट नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नासाठी सनदशीर आंदोलनाला पाठिंबा दिला एवढ्यावरून तिचा निधी रोखता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. तरी आपले कागद चोख असू द्या.

स्वतःच्या संस्थेचे अनुदान आणि लोकांची मागणी एकाच भेटीत मांडू नका. समोरच्याला नाही म्हणायला एवढे कारण पुरते. आणि लोकांचाही विश्वास उडतो.

लोकांना सोबत घ्या, नुसते त्यांच्या वतीने बोलू नका.
ग्रामपंचायत विकास आराखड्यात वित्त आयोगाचा पैसा बंधित आणि अबंधित असा विभागून येतो. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी, अबंधित भागावर ग्रामसभा बोलू शकते. पेसा कायद्याखालच्या गावांना २०१५ च्या निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट मिळतात. ग्रामसभेत फलकावर जमा-खर्च लिहून तो मोठ्याने वाचा. नंतर केलेला ठराव तुमच्या निवेदनाला जोडा. शहरात पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवते. पण अर्ज भरण्यात सोसायट्या पुढे असतात आणि वस्त्या मागे राहतात. वस्तीतल्या बचतगटासोबत बसून अर्ज भरून देणे, हे संस्थेचे एका दुपारचे काम आहे.

घोषणेवर आनंदोत्सव करू नका. शासन निर्णयाची वाट पाहा.
२०२३ च्या संपानंतर आशा सेविकांना मोबदलावाढीची घोषणा नोव्हेंबरमध्येच मिळाली. शासन निर्णय निघायला पुढचा मार्च उजाडला आणि मधल्या काळात त्यांना पुन्हा संपावर जावे लागले, आझाद मैदानात बसावे लागले. निर्णय हाती आला की शेवटचे परिच्छेद आधी वाचा. खर्च कोणत्या मागणी क्रमांकाखाली, कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा ते तिथे लिहिलेले असते. ‘उपलब्ध तरतुदीतून भागवावा’ असे शब्द दिसले तर नवा पैसा आलेला नाही. त्याच विभागातल्या दुसऱ्या कुणाचा तरी कमी होणार आहे. त्याच दिवशी हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागणीचा मसुदा करायला घ्या आणि नागपूरला कोण जाणार ते ठरवा.